मागच्या दारचा खोकला

रस्त्यावरचे दिवे अजून लागलेले नसतात आणि घरातला दिवा आत्ताच लावावा की जरा थांबावं असं मनात चाललेलं असतं, त्या वेळेला पूंगोदैच्या मागच्या दारी खोकल्याचा आवाज यायचा. दोनदा. पहिला मोकळा, दुसरा जरा दाबलेला, घसा साफ केल्यासारखा. त्यापुढे काही नाही. चपला झाडल्याचा आवाज नाही, कडीचा नाही, रांजणात तांब्या बुडाल्याचा नाही. नुसता खोकला, आणि मग अरसलार नदीकडून येणारा वारा परसातल्या केळीच्या पानांतून फिरायचा.

खोकला तिच्या नवऱ्याचा होता. अरिवळगनला जाऊन दोन वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी तो ऐकला तेव्हा ती घाबरली नाही. घाबरायला सवडच मिळाली नाही. छत्तीस वर्षांच्या सवयीनं हात आपसूक पुढे गेला. पणती तिनं चिमटीत विझवली, कारण दिव्यावर फुंकर घालू नये. मग ती चिंचेच्या बरणीमागे सरकवली, पदरानं धुराचा वास इकडेतिकडे केला आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. दार नुसतं लोटलेलं होतं. कुणी आत आलं नाही. तेव्हा कुठे ती पाट्यावरवंट्याशेजारी खालीच बसली.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. शेजारणींना सांगितलं असतं तर त्यांनी लगेच कुठल्या तरी मांत्रिकाचं नाव सुचवलं असतं. आणि नवऱ्याच्या पक्षातल्या माणसांना सांगायचं म्हणजे फारच अवघड. भुतं नसतात हे गावोगाव ओरडून सांगण्यात ज्याचा जन्म गेला, मसणवट्यात एकट्यानं बसून दाखवायच्या पैजा ज्यानं जिंकल्या, तो माणूस मेल्यावर स्वतःच्याच मागच्या दारी येऊन खोकतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याचीच अब्रू गेली असती.

नल्लूरपेट्टैत अरिवळगनला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. बाजाराच्या टोकाला त्याचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका छापायचा, पण मुहूर्त छापायचा नाही. "वेळ छापतो. सकाळी नऊ. नऊ चांगले की वाईट ते घरी जाऊन ठरवा," म्हणायचा. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरायची. काळा सदरा, नाकपुडीला तपकिरीचा डाग, आणि चालताना हात मागे बांधलेले. त्याच्या पक्षाला सगळे नुसतं कळगम म्हणत. कळगमच्या सभासदाला एक कार्ड मिळायचं आणि त्याच्या मागच्या बाजूला पक्षाची तत्त्वं असायची. देव मानणार नाही, जात पाळणार नाही, बोलेन तसा वागेन. ती कार्डं छापायचा अरिवळगनच. दोनदा नगरपालिकेवर निवडून आला आणि दोन्ही वेळा जसा गेला तसाच परत आला, त्याच सायकलवर.

त्यांचं लग्नही कळगमच्या मांडवातलं. भटजी नाही, अग्नी नाही, गळ्यात ताळी, म्हणजे मंगळसूत्र, नाही. दोन हार आणि दीड तासाचं भाषण. तिचं माहेरचं नाव अलमेलू. भाषणाच्या ओघात व्यासपीठावरच्या पुढाऱ्यानं ते बदलून पूंगोदै ठेवलं, टाळ्या पडल्या, आणि शेवटच्या रांगेत तिची आई तोंडाला पदर लावून रडली. पाठवणीच्या वेळी आईनं पेटीत साड्यांच्या घडीत एक मातीची पणती घातली. "उघड्यावर लावू नकोस. पण बंदही पाडू नकोस," एवढंच म्हणाली.

पूंगोदैनं ते पाळलं. रोज संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, तिळाच्या तेलाच्या चार थेंबांवर. शुक्रवारचा उपासही पाळला. विचारलं कुणी तर पित्त झालंय म्हणायचं. अम्मन देवीची तसबीर नव्हती, घंटा नव्हती, नाव ओठातल्या ओठात. नवरा छापखान्यातून यायचा, मागच्या दारी तपकिरीनं खोकायचा, आणि तेवढ्यात दिवा बरणीमागे गेलेला असायचा. छत्तीस वर्षांत एकदाही तो सापडला नाही याबद्दल ती अम्मनचेच आभार मानायची.

मरताना त्यानं सांगून ठेवलं होतं, देह मेडिकल कॉलेजला द्या, पोरं शिकतील. गाडी आली, दोन सह्या घेतल्या, घेऊन गेली. राख नाही, अस्थी नाहीत, सोळाव्या दिवसाचं काही नाही. अमावास्येला अख्खी गल्ली भाताचे घास भिंतीवर ठेवून कावळ्यांना हाका मारायची तेव्हा ती खिडकीआड उभी राहायची. ज्यानं आत्माच मानला नाही त्याला घास कुठल्या नावानं ठेवायचा? पुढे कुठे जायला वाट असते हेच ज्याला पटलं नव्हतं, तो जाणार तरी कुठे? म्हणून येत असेल बिचारा घरी, असं तिला वाटायचं. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या दारानं.

मुलगा कदिरवन अकराव्या वॉर्डातून निवडून आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तंगवेलू आला. तो अरिवळगनचा सोबती. एके काळी बसचा कंडक्टर, आता पंचाहत्तरीचा, काळा सदरा धुऊन धुऊन राखाडी झालेला. सगळ्यांनी नावं बदलली तेव्हा यानं बदललं नव्हतं. "नावातला वेलू तुमचा देव असेल. माझा आजा होता," म्हणाला होता, आणि त्यावर कुणाला काही बोलता आलं नव्हतं. पक्षातले सगळे पूंगोदैला अण्णी, म्हणजे वहिनी, म्हणत. तोही म्हणायचा.

"अण्णी, कॉफीत साखर जरा कमीच टाका. डॉक्टरला मी घाबरतो, यमाला नाही," असं म्हणत तो पडवीत बसला. पेला अर्धा होईपर्यंत पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "बुधवारी शपथ आहे."

"ऐकलं."

"तिथं दोन कागद असतात. एकावर 'देवाला स्मरून', दुसऱ्यावर 'मनापासून'. आयुक्त दोन्ही पुढे धरतो, ज्यानं त्यानं आपला उचलायचा. आपल्या माणसानं कुठला उचलायचा हे सांगायला लागू नये."

"मग सांगताय कशाला?"

तंगवेलू खो खो हसला. "हे अरिवळगनचं बोलणं झालं!" मग हसू आटलं. "गेल्या खेपेला आपले चौदा निवडून आले. तिघांनी देवाचा कागद उचलला. बैठकीत विचारलं तर म्हणे, घाईत हाताला आला तो घेतला. घाईत! तिघांच्याही हाताला तोच! या खेपेला विचारणारंही कुणी उरलं नाही. अकराव्या वॉर्डातल्या अम्मनच्या देवळाचं काम निघालंय, त्या समितीचा अध्यक्ष कोण आहे ठाऊक आहे?"

"कोण?"

"तुमचे चिरंजीव. फलकावर नाव आहे, सोनेरी अक्षरात. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं."

पूंगोदै आपल्या पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"तुम्ही सांगा त्याला, अण्णी. आमचं ऐकायचे दिवस गेले. पण या गावात देवाचं नाव कधी तोंडात आलं नाही असं आता एकच माणूस उरलंय, ते म्हणजे तुम्ही. अरिवळगनची बायको. तुमच्यापुढे त्याची मान वर व्हायची नाही."

भिंतीपलीकडे कोनाडा होता, कोनाड्यात चिंचेची बरणी होती. तिला वाटलं, आता या माणसाला तेलाचा वास येईल. तो उठला, पेला स्वतः विसळून पालथा घातला आणि गेला. अरिवळगनच्या घरी सगळे तसंच करायचे.

कदिरवन संध्याकाळी आला. पांढराशुभ्र कडक सदरा, पक्षाच्या रंगाच्या काठांचं धोतर, अंगाला अत्तर. तो कुंभकोणमच्या रस्त्यावर नव्या घरात राहायचा. बायकोला, मुलांना सणासुदीला घेऊन यायचा, एरवी एकटाच.

"तंगवेलूमामा येऊन गेला ना? गल्लीच्या तोंडाशी भेटला. माझ्याकडे असं बघत होता, जसा काही मी त्याच्या बसमध्ये बिनतिकिटाचा चढलोय."

तिला हसू आलं. पोरगा बोलायला बापासारखाच होता. ती म्हणाली, "शपथ कुठली घेणार आहेस?"

"देवाची."

इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती थांबली. "का रे?"

"वॉर्ड देव मानतो."

"आणि तू?"

"मी वॉर्ड मानतो."

"कार्डामागं काय लिहिलंय ते तुला पाठ होतं. पाचव्या वर्षी सभेत म्हणून दाखवलं होतंस. स्टुलावर उभं राहून."

"अम्मा, स्टुलावरून उतरायला नको का कधी?" तो हसत म्हणाला, पण चेहरा हसत नव्हता. "अप्पा दोनदा निवडून आले. नगराध्यक्ष एकदाही झाले नाहीत. मी होणार आहे. वरच्यांनीच सांगितलंय, देवाचा कागद उचल, काही बिघडत नाही, फक्त आईसाठी म्हणून सांग. आईसाठी म्हटलं की कुणी तोंड उघडत नाही."

"आईसाठी म्हणजे?"

"तुझ्यासाठी. खोटं कुठं आहे त्यात? जन्मभर चिंचेच्या बरणीमागे दिवा लपवलास. आता मोकळेपणानं लाव की."

पूंगोदैला एकदम घरात फार माणसं आहेत असं वाटलं. तिनं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आठ वर्षांचा होतो. ताकाचं मडकं शोधायला आलो आणि पाहिलं. आणि अप्पांनाही माहीत होतं."

"नव्हतं."

"मग ते खोकायचे कशाला?"

"तपकिरीनं."

"तपकिरीनं शिंक येते, अम्मा. छापखान्यात कधी खोकले? दोन-दोन तास बोलायचे सभेत, एकदा तरी खोकले? फक्त मागच्या दारी. दोनदा. मी बरोबर असलो की हात धरून मला थांबवायचे. एकदा विचारलं, अप्पा, आत का जात नाही आपण? म्हणाले, आई कामात आहे, जरा थांब."

इतक्या वर्षांच्या संध्याकाळी तिच्यापुढून एकामागून एक निघून गेल्या. आत घाईघाईनं वात चिमटीत धरणारी ती, आणि बाहेर केळीखाली, हात मागे बांधून, उंबऱ्याकडे न बघता उभा असलेला तो. किती वेळ थांबायचा? तिची आवराआवर झाली हे त्याला कळायचं कसं? बरणी फळीवर घासल्याचा आवाज येईपर्यंत थांबत असेल.

"तेव्हा या घरातलंच मी शिकलोय," कदिरवन म्हणत होता. "बाहेर एक, आत एक. अप्पा बाहेर देव नाही म्हणायचे आणि घरात देवाला लपायला वेळ द्यायचे. मी काय वेगळं करतोय सांग."

एवढं बोलून तो गेला. बाहेर झाकळून आलं, रस्त्यावरचे दिवे लागले. त्या संध्याकाळी खोकला आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ती दाराशी कान लावून बसली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या घरात भीती वाटली. आवाज यायचा तेव्हा निदान तो कुठे आहे ते माहीत असायचं. आता तो दाराबाहेर होता की आत, की तिच्या मागेच उभा राहून मुलाचं बोलणं ऐकून गेला होता?

दोन दिवस ती अम्मनपुढे एकच मागणं मागत होती. पोराच्या तोंडून तुझं नाव खोटं जाऊ देऊ नकोस. त्याचं पाप मला लागलं तरी चालेल, पण त्याच्या बापाला लागू देऊ नकोस, त्याला आधीच जागा नाही. मागता मागताच तिच्या ध्यानात आलं की कदिरवनला द्यायचं उत्तर तिच्याजवळ आहे.

बुधवारी सकाळी तो तिला न्यायला आला. गाडी गल्लीत उभी होती, ड्रायव्हर कापडानं काच पुसत होता. पूंगोदै न्हाऊन, जांभळ्या काठाची सुती साडी नेसून स्वयंपाकघरात उभी होती. पणती कोनाड्यातून बाहेर काढून तिनं चुलीच्या कट्ट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी लावली होती. चिंचेची बरणी खाली जमिनीवर होती.

"हे बरं केलंस," कदिरवन म्हणाला. "चल, उशीर होतोय."

"परवा तू विचारलंस, मी काय वेगळं करतोय. ऐक." तिचा आवाज नेहमीच हळू असायचा, तो त्याला वाकून ऐकावा लागला. "ते बाहेर थांबायचे. मला माझ्या देवाजवळ सोडून स्वतः आपल्या तत्त्वापाशी उभे राहायचे, पावसातसुद्धा. मी त्यांच्या सभेत बसून कधी खोट्या टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यांनी माझ्या दिव्याचा कधी उपयोग करून घेतला नाही. तू दोघांचंही उचलून चालला आहेस."

"अम्मा, आत्ता नको हे."

"बरं. तुला देवाचंच नाव घ्यायचं आहे ना? मग आधी इथं घे. तुला कागद पाठ असेल. इथं फोटोवाला नाही, वॉर्ड नाही. मी आहे आणि दिवा आहे. इथं म्हणता आलं तर मी तुझ्याबरोबर आनंदानं येते. साडी बदलून रेशमी नेसून येते."

"एवढंच?" तो म्हणाला. चपला काढून पुढे आला. दिव्यापुढे उभा राहिला, सदरा खाली ओढला, घसा साफ केला. सभेत उभा राहतो तसा.

"मी, अ. कदिरवन..." म्हणाला, आणि थांबला. हसला. "काय नाटक हे." पुन्हा सुरू केलं. "मी, अ. कदिरवन, नल्लूरपेट्टै नगरपालिकेचा सदस्य म्हणून निवडून आल्याने..." पुढचा शब्द देवाचाच होता. त्याचे ओठ हलले. ज्योत सरळ जळत होती. पूंगोदै त्याच्याकडे पाहत नव्हती, ती ज्योतीकडे पाहत होती, पण मुलाचा श्वास अडकलेला तिला ऐकू येत होता. लहानपणी खोटं बोलायच्या आधी अडकायचा तसाच.

तेवढ्यात मागच्या दारी खोकल्याचा आवाज आला.

सकाळचे साडेआठ वाजलेले. परसात ऊन होतं. एकदा मोकळा, एकदा दाबलेला.

तिचा हात दिव्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिनं तो परत घेतला. मग दाराकडे वळून, ज्या माणसाला संसारात कधी नावानं हाक मारली नव्हती त्याला ती म्हणाली, "या आत. दिवा तसाच आहे. तुम्ही या."

दार हललं नाही. ज्योत मात्र एका बाजूला झुकली, कुणी शेजारून गेल्यावर झुकते तशी, आणि पुन्हा सरळ झाली. आणि तपकिरीचा वास आला.

"कोण आहे तिकडे?" कदिरवन म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "अम्मा, कोणाला बोलावलंस? कोण खोकलं?"

"तुला ऐकू आलं?"

तो दाराशी गेला नाही, बघायलाही नाही. चपला पायात सरकवल्या, डावी उजव्या पायात, तशाच. "केळीचा बागवान असेल," म्हणाला. परसात बागवान कधी येत नसे, हे त्या दोघांनाही माहीत होतं. "उशीर झाला. गाडीत बस."

ती सुती साडीतच गाडीत बसली. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. वाटेत एकदाही मागं वळला नाही. ती मागच्या बाजूला एका खिडकीला चिकटून बसली होती, पलीकडे एका माणसाची जागा सोडून. आपण जागा का सोडली हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

नगरपालिकेचं सभागृह फुलांनी आणि माणसांनी भरलं होतं. घरच्या लोकांसाठी पहिली रांग. पूंगोदैची खुर्ची कडेची होती. शेजारच्या खुर्चीवर कुणी बसायला आलं की तिच्याकडे बघून, का कोण जाणे, पुढे जायचं. ती तशीच रिकामी राहिली. शेवटच्या रांगेत तंगवेलू आणि तसलेच दोन-तीन राखाडी सदरे बसले होते. तंगवेलूनं तिला लांबून हात केला. तिच्यावर त्याचा केवढा विश्वास होता!

आयुक्त नावं पुकारत होता. टेबलावर दोन कागद, काचेच्या गोळ्याखाली दाबलेले. पहिल्या वॉर्डाची बाई आली, देवाचा कागद घेतला. ती दुसऱ्या पक्षाची. तिसऱ्या वॉर्डाचा आला, कळगमचा, त्यानंही देवाचा घेतला. सातव्याचाही. मागं राखाडी सदऱ्यांत कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढंच.

"वॉर्ड अकरा. अ. कदिरवन."

घोषणा झाल्या. तो चढला. कागदांवर हात गेला तेव्हा क्षणभर बोटं हवेत राहिली, आणि तिच्या मनात वेडी आशा आली. मग त्यानं देवाचा कागद उचलला. घरी जो शब्द अडकला होता तो इथे माइकवरून कसा सुरेख आला! न अडखळता, खणखणीत, बापाच्या आवाजात. तिला तिच्या उजव्या हाताला, रिकाम्या खुर्चीच्या बाजूनं, गार वाटलं.

शपथ संपल्यावर तो माइकपाशीच राहिला. "हे मी माझ्या आईसाठी केलं," म्हणाला. "जिनं जन्मभर मनात देव जपला, त्या माउलीसाठी." टाळ्यांनी छत दणाणलं. बायका वळून तिच्याकडे बघू लागल्या. तिनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तंगवेलू तिच्याकडेच बघत होता. रागानं नाही. ओळखीचं माणूस समजून भलत्याच कुणाच्या खांद्यावर हात ठेवला की माणूस जसा बघतो, तसा.

"मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला ऐकू आला नाही.

कदिरवन खाली उतरला. फोटोवाले पुढे पळाले. तो थेट तिच्यापुढे आला आणि सगळ्यांदेखत तिच्या पायांवर वाकला.

अरिवळगननं आयुष्यात कुणाला पायाला हात लावू दिला नव्हता. नव्या नवरा-नवरीला नाही, परीक्षा पास झालेल्या पोराला नाही. कुणी वाकलं की तो पाय झटक्यानं मागं घ्यायचा, विस्तवावर पडल्यासारखा, आणि म्हणायचा, ताठ उभा राहा, मला तुझं तोंड बघायचंय. पूंगोदैचं तसं नव्हतं. तिला नमस्कार चांगला वाटायचा. शेजारच्या मुली सणाला वाकत, ती डोक्यावर हात ठेवायची.

कदिरवनची बोटं पावलांपाशी आली आणि तिचे दोन्ही पाय झटक्यानं खुर्चीखाली मागे गेले. त्याचे हात फरशीवर टेकले.

आसपास थोडं हसू उमटलं. "आई लाजली!" कुणीतरी म्हणालं.

"अम्मा, परत एकदा," फोटोवाला म्हणाला. "पाय दिसले नाहीत. साहेब, जरा इकडे तोंड करून."

कदिरवन पुन्हा वाकला. पाय पुन्हा मागे गेले, खुर्चीचा दांडा टाचांना लागला. आता हसू कमी झालं. त्यानं मान खाली ठेवूनच, ओठ न हलवता म्हटलं, "अम्मा, काय करतेयस? लोक बघतायत. पाय दे."

ती त्याच्या केसांकडे पाहत होती. भांगाशी थोडे पांढरे झाले होते. तिला त्याची फार कीव आली. ती वाकली, इतकी की तिचे ओठ त्याच्या कानाशी गेले, आणि हळूच, खरं तेच म्हणाली.

"मी नाही रे घेत मागं."

तो तसाच गुडघ्यावर राहिला. मग मान वर केली. तिच्याकडे नाही. तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पायांशी त्यानं पाहिलं, तिथून हळूहळू वर, माणसाच्या तोंडाइतक्या उंचीपर्यंत. फोटोवाला म्हणत होता, "साहेब, इकडे, इकडे." कदिरवनला ते ऐकू येत नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ हलत होते. स्टुलावर उभं राहून कार्डामागच्या ओळी म्हणायचा तेव्हा हलायचे तसे, पण आवाज येत नव्हता.

आयुक्तानं चष्मा वर सारला आणि पुढचं नाव पुकारलं. "वॉर्ड बारा."